फुलं तुमची, झाडू माझा

पोस्ट लांबली आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या इंदुरात 'कचरा' या शब्दाचा दरारा हल्ली इतका वाढलाय की पारिजातकाची फुलंही त्यातून सुटली नाहीत. मागच्या आश्विनात शेजारून निरोप आला, "काकू, तुमच्याकडचा कचरा आमच्या टाइल्सवर येऊन राहिलाय, जरा बघा नं." मी जाऊन बघितलं. पंधरा-वीस फुलं होती. पाकळ्या खाली, केशरी देठ वर. मी ती वेचून पदरात घेतली आणि घरी येऊन देवाला वाहिली. जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही, पण पारिजातकाला ती मुभा आहे, हे आपल्या घरांतून लहानपणीच शिकवतात. म्हणजे आमच्या देवाला जे चालतं ते शेजारच्या टाइल्सना चालत नाही. शेजारी भली माणसं आहेत बरं का. रात्री-अपरात्री गरज पडली तर पहिला फोन मी त्यांनाच करते. म्हणूनच हा विषय त्यांच्याविरुद्धचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे.

आधीच सांगते, मी स्वच्छतेच्या विरुद्ध नाही. कोपऱ्याकोपऱ्यावरचे उकिरडे, त्यात तोंड घालणाऱ्या गाई, पावसाळ्यातला तो वास, हे सगळं मी याच शहरात पाहिलंय. 2017 मध्ये इंदूरचा देशात पहिला नंबर आला आणि पुढे तो येतच राहिला, तेव्हा पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना फोन करकरून सांगणाऱ्यांत मीही होते. ओला वेगळा, सुका वेगळा हे आमच्या घरात नातवालाही कळतं. निगमची गाडी गाणं वाजवत आली की तो सगळ्यांच्या आधी दाराशी. हे सगळं छानच झालं.

पण याच काळात आमच्या गल्लीत आणखी एक गोष्ट झाली. अकरा घरांतली आठ अंगणं पक्की झाली. कुणी कोटा बसवला, कुणी पेव्हर, कुणी ते चकचकीत टाइल्स. कंपाउंडच्या भिंतीपासून पायरीपर्यंत मातीचा एक चमचा दिसणार नाही. दारात मग चार गमले येतात, त्यात नर्सरीतून आणलेले पिटुनिया आणि पँझी. दिवाळीनंतर आणायचे, होळीपर्यंत मिरवायचे, ऊन वाढलं की गाडीत टाकायचे. दर वर्षी नवे. आणि ज्या झाडांना दर वर्षी नवं लावावं लागत नाही, जी आपल्यापेक्षा जास्त जगतात, ती मोगरा, जुई, पारिजातक, जास्वंद, सोनटक्का ही मंडळी 'कचरा करतात' म्हणून गेली. माझं म्हणणं एवढंच आहे की फरशी म्हणजे स्वच्छता नव्हे. घरात थोडी तरी उघडी माती राखावी आणि तिच्यात वर्षानुवर्षं टिकणारी फुलझाडं लावावीत. सीझनल फुलांशी माझं वैर नाही. पण ती पाहुणी आहेत. पाहुण्यांवर घर चालत नाही.

या शहरात बाग आणि स्वच्छता एकमेकांच्या वैरी कधीच नव्हत्या. आपल्या जुन्या मोहल्ल्यांची नावंच बघा. रामबाग, नारायण बाग, बक्षी बाग. तिकडे लालबाग, माणिकबाग. आज तिथे किती बाग उरलीय हा प्रश्न वेगळा. शंभरेक वर्षांपूर्वी, 1917-18 च्या सुमाराला, तुकोजीराव होळकर तिसरे गादीवर असताना, पॅट्रिक गेडिस नावाचा स्कॉटिश नगररचनाकार इंदुरात आला होता. प्लेगनं गावं पोखरली होती तेव्हाचा काळ. या माणसानं काय करावं? दिवाळीची मोठी मिरवणूक योजली, आणि जाहीर केलं की ज्या भागातली घरं आणि रस्ते सगळ्यांत स्वच्छ असतील त्या भागातून ती जाणार. लोकांनी गाड्यागाड्या भरून घाण बाहेर काढली, घरं रंगवली, डागडुजी केली. स्वच्छतेची चढाओढ आमच्या गावाला नवी नाही! पण याच गेडिसनं 1918 साली दरबाराला जो दोन खंडांचा अहवाल दिला, त्याचा सगळा रोख असा की जुनी वस्ती उगाच पाडू नका, मोकळ्या जागा राखा, बागा वाढवा. अंगणातली तुळस ही त्याच्या लेखी नीट चालवलेल्या घराची खूण होती. कचरा काढा आणि झाड लावा, ही दोन्ही कामं त्याला एकाच कामाचे दोन भाग वाटत. आपण त्यातला पहिला भाग पाठ केला.

फरशीच्या बाजूनं जी कारणं सांगितली जातात त्यांतलं पाण्याचं कारण मला सगळ्यांत गमतीचं वाटतं. "काकू, नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, झाडांना कुठून घालणार?" आपलं नर्मदेचं पाणी जलूदहून येतं, सत्तरेक किलोमीटर लांबून, घाट चढवून. ते पाणी पाइप लावून टाइल्स धुवायला रोज चालतं, आणि मोगऱ्याला तीन दिवसांनी बादलीभर घालायचं तर जड जातं. जमिनीत मुरलेलं झाड दोन-तीन वर्षांचं झालं की त्याची मुळं खाली जातात, वैशाखातही ते दिवसाआडच्या पाण्याला कुरकुरत नाही. रोज पाणी मागतो तो गमला. आणि पावसाचं काय? इथे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. पक्क्या अंगणात पडलेला सगळा रस्त्यावर जातो, रस्ता तुंबतो, आणि मार्च उजाडला की बोअरिंगला पाणी नाही म्हणून आपणच टँकरला फोन करतो.

उन्हाचंही तसंच. माळव्याच्या रात्रीचं कौतुक करणाऱ्या म्हणी आहेत, दिवसभर कितीही तापो, रात्री वारा सुटून गार होणार, अशी ख्याती. आता जेवणानंतर अंगणात पाऊल ठेवलं तर फरशी अजून तव्यासारखी. सकाळी पितळेच्या बादलीनं पाणी शिंपडल्यावर येणारा मातीचा वास गेला तो गेलाच. एक गोष्ट मला नेहमी जाणवते. आपल्या अंगणातली बरीच जुनी फुलं संध्याकाळची आणि रात्रीची आहेत. गुलबक्षी दुपारी चारनंतर उमलते, मोगरा दिवेलागणीला, सोनटक्का त्याच सुमारास, रातराणी जेवणं झाल्यावर, पारिजातक रात्री उमलून पहाटे गळतो. ती बहुतेक पांढरी किंवा फिकी आणि वासाची असतात, कारण रात्री फिरणाऱ्या पतंगांना त्यांनी बोलवायचं असतं. उन्हाळ्यात माणसंही रात्रीच बाहेर बसत. दोघांचा वेळ जमला होता.

मोगऱ्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण लोक तो लावतात आणि वर्षा-दोन वर्षांत "आमच्याकडे फुलतच नाही" म्हणून उपटतात. आपली माळव्याची काळी माती कापसाला उत्तम, पण मोगऱ्याला जशीच्या तशी चालत नाही. पावसाळ्यात ती फुगून पाणी धरते, मुळं कुजतात. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. खड्डा दोन फूट लांब-रुंद-खोल घ्यायचा, निम्मी काळी माती बाजूला काढायची, तिच्या जागी मुरूम किंवा जाड वाळू आणि कुजलेलं शेणखत. जागा अशी की निदान पाच तास ऊन मिळेल. सावलीतला मोगरा पानं छान धरतो, फुलं नाही.

पुढचं कसब थंडीतलं आहे आणि ते आमच्या सासूबाईंनी मला शिकवलं. डिसेंबर लागला की पाणी कमी करत न्यायचं, संक्रांतीच्या आधी जवळजवळ तोडायचंच. पानं पिवळी पडतात, बघणाऱ्याला वाटतं गेलं झाड. जानेवारीच्या शेवटी सगळ्या फांद्या निम्म्यावर छाटायच्या, उरलेली पानं हातानं ओरबाडून काढायची, बुंध्याभोवतीची माती चार बोटं उकरून आठवडाभर उन्हाला उघडी ठेवायची. मग शेणखत भरायचं आणि पोटभर पाणी. पंधरा दिवसांत लालसर फूट दिसते आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ओंजळभर कळ्या निघतात. कैरीची डाळ, पन्हं आणि हातावर घरचा गजरा. बाजारातला गजराही चांगलाच असतो, पण तो आलेल्या बायकांना "यंदा तुमचा कसा आलाय" असं विचारायची संधी देत नाही. आम्ही त्याच्यावरून अर्धा तास बोलतो. कुणाचा बटमोगरा, कुणाचा मदनबाण, कुणी केव्हा छाटला. त्या गप्पांना काही दर्जा नाही म्हणे. मला तर त्या कवितावाचनापेक्षा आवडतात.

जास्वंदीत मी हट्टी आहे. साधी लाल, पाच पाकळ्यांची. नर्सरीतली बशीएवढी पिवळी-गुलाबी दिसायला देखणी, पण आमच्याकडच्या मे महिन्यात रुसून बसते. लाल जास्वंद पंचवीस वर्षं एका जागी उभी आहे, गणपतीच्या दिवसांत गल्लीतल्या सगळ्यांना पुरते. पिठ्या ढेकूण पडतो तिच्यावर, पांढरा कापसासारखा. सुरुवातीलाच साबणाच्या पाण्यानं धुतला आणि वर कडुलिंबाचं तेल मारलं तर आवरतो, वाढू दिला तर आवरत नाही. शेवंती बहरून गेली की बुडाशी कापायची, पुढचे फुटवे वेगळे करायचे. कण्हेर लावायची तर भिंतीकडेला, लहान मुलांच्या हाताबाहेर, तिचा प्रत्येक भाग विषारी. तगर कुठेही येते, तिच्याबद्दल लिहायला काही नाही. देवाच्या तबकात मात्र रोज तीच असते.

आणि सोनटक्का. त्याला अर्धी सावली आणि ओल लागते, म्हणून तो आमच्या मोरीच्या पाण्याच्या वाटेवर आहे. थंडीत वरचं सगळं सुकून जातं. नवीन माणूस म्हणतो, मेलं. जमिनीखाली आल्यासारखे गड्डे जिवंत असतात, पहिल्या पावसाला कोंब वर. माझ्या सासूबाईंनी ते लग्नात माहेराहून, धारहून, पिशवीतून आणले होते. आपली घरं अशीच विणली गेली आहेत नं, इंदूर होळकरांचं, धार-देवास पवारांचं, ग्वाल्हेर शिंद्यांचं. मुली इकडच्या तिकडे गेल्या आणि त्यांच्या बरोबर लोणच्याची बरणी, पंचपाळं आणि एखादी मुळी गेली.

इथे एक आडवाट. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी मला ऐकवलं होतं की तुमची इंदुरी मराठी म्हणजे निम्मी हिंदी, तुम्ही कुंडीला गमला म्हणता. म्हणतो. त्यांच्या हातात तेव्हा माझ्याकडचा निशिगंध होता. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. गुलबक्षी आणि देवचाफाही अमेरिका खंडातले, सदाफुली मादागास्करची. ही सगळी आपल्या पूजेत बसली, कुणी त्यांना गावाचं नाव विचारलं नाही. पाहुण्यांना मी हे सांगितलं, चहा दिला, निशिगंधाचे चार कंद बांधूनही दिले.

आता ज्या वाक्यावरून या पोस्टला नाव दिलं तिथे येते. हे वाक्य आमच्या सुनेचं. घरात अंगण पक्कं करायची चर्चा निघाली तेव्हा मी झाडांच्या बाजूनं बरंच बोलले. ती ऐकत होती. शेवटी शांतपणे म्हणाली, "आई, फुलं तुमची, झाडू माझा."

यावर उत्तर देणं सोपं नाही, आणि देऊही नये. बागेवर हळवं लिहिणारे हा मुद्दा टाळतात. अंगणात फुलं पडायची ती आपोआप नाहीशी होत नसत. पहाटे उठून सडा-संमार्जन करणारी बाई होती, बहुतेक घरातली सगळ्यांत धाकटी सून. मी ते काम अठरा वर्षं केलंय, ताप असताना केलंय. पानगळीत दिवसातून दोनदा. आज सून आठ वाजता ऑफिसच्या बसला उभी असते. कामवाल्या ताई अंगणाचे वेगळे पैसे मागतात, आणि बरोबर मागतात. अशा घरात कुणी 'फरशी बसवा' म्हणालं तर तिला झाडांचं प्रेम नाही असा अर्थ काढणं हा शुद्ध अन्याय आहे. तिला एक काम कमी हवंय. फरशीचा आग्रह धरणाऱ्या दहा बायकांतल्या आठ जणींचं हेच कारण असेल, असं माझं मत आहे. त्यामुळे झाड वाचवायचं असेल तर आधी झाडूचा निकाल लावा, मग निसर्गावर बोला.

आमच्याकडे तो असा लागला. अंगण आता ह्यांच्याकडे. रिटायर झाल्यापासून सकाळी साडेसहाला पेपर यायच्या आत ते झाडून घेतात. पहिला महिना रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. एकानं विचारलंही, "काय भिया, बाई आली नाही का आज?" ह्यांनी सांगितलं, "बाई आत आहे, चहा करून राहिलीय." (चहा त्या दिवशी मीच केला होता, तेवढं खरं.) आता कुणी थांबत नाही. माझं स्पष्ट म्हणणं आहे की ज्यांना फुलं आवडतात त्यांनी झाडावं, आणि ज्यांच्या हातात झाडू नाही त्यांनी अंगणाच्या आठवणींवर कविता करू नयेत. आपल्या समूहातल्या काही काकांना हे लागेल. लागू द्या.

दुसरा खरा मुद्दा घसरण्याचा. आमच्या जाऊबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत, काठी घेऊन चालतात. ओल्या फुलांवर पाय पडला तर काय होईल ते सांगायला नको. यावर उपाय झाड तोडणं नाही, झाडाची जागा ठरवणं आहे. पारिजातक, मधुमालती, चाफा ही गळणारी झाडं चालायच्या वाटेपासून निदान पाच-सहा फूट दूर हवीत. दारापासून फाटकापर्यंत तीन फुटांची खडबडीत फरशीची वाट करा, कठडा लावा, माझी काहीच हरकत नाही. बाकीची जागा मातीची राहू द्या. पारिजातकाचा बहर संपला की माघात त्याची छाटणी करावी. तो ऐकतो. आठ फुटांच्या वर जाऊ दिला नाही तर शेजाऱ्यांकडे झुकतही नाही, आणि नव्या फुटीवर फुलंही भरपूर येतात. बहराच्या दिवसांत रात्री झाडाखाली जुनं पातळ अंथरायचं, सकाळी चारी टोकं धरून उचलायचं. झाडणं नाही, फुलाला माती नाही. आमच्याकडे एक विटकं नऊवारी याच कामासाठी ठेवलंय. पूजेला हवीत ती घ्यायची, उरलेली कोपऱ्यातल्या खड्ड्यात, वर मूठभर माती. त्याचंच खत पुढच्या वर्षी मोगऱ्याला. निगमचीही घरच्या घरी खत करा अशीच सांगी आहे, म्हणजे नियमानंसुद्धा आम्ही निर्दोष!

सापाचं भय मला कळतं, पण साप येतो तो अडगळीला, विटांच्या ढिगाला आणि उंदरांना. मोकळ्या, झाडलेल्या मातीत त्याला बसायला जागा नसते. मच्छर होतात ते साठलेल्या पाण्यात, त्या चार गमल्यांखालच्या बशांमध्ये आधी बघा.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण असं की येत्या माघात घरात मुंज आहे. मांडव अंगणातच घालायचा असं ठरलंय आणि त्याच्या आधी अंगण सरसकट पक्कं करून घ्यावं असा पुतण्याचा आग्रह आहे. मिस्त्री येऊन माप घेऊन गेला. त्याच्या कागदावर पारिजातकाच्या जागी फुली आहे, कारण तिथून गाडी आत वळवायची आहे. पुतण्याचं चूक नाही, गाडी रस्त्यावर उभी केली तर दर दोन महिन्यांनी आरसा तुटतो. मी त्याला दुसरा कागद काढून दिलाय. गाडीच्या दोन चाकांपुरते दोन पट्टे पक्के, मधली जागा मातीची, वाट खडबडीत, आणि पूर्वेच्या भिंतीला लागून बारा फूट बाय चार फूट पट्टी झाडांची. मिस्त्रीच्या हिशेबानं हे स्वस्त पडतं, पण "दिसायला अधुरं दिसेल" असं त्याचं मत. घरात चार मतं आहेत. सून माझ्या बाजूनं आहे, हे मला अपेक्षित नव्हतं. ती म्हणाली, झाडू आता बाबांकडे आहे, मला काय प्रॉब्लेम आहे. जाऊबाई कठडा मिळाला तर हो म्हणतात. पुतण्याचं अजून ठरायचंय. रविवारी सगळे बसणार आहोत.

तुमच्यापैकी अनेकांकडे यापेक्षा मोठी बैठक होत असेल, घरच विकायची. रामबागेतलं, ग्वाल्हेरच्या लष्करातलं, बडोद्याच्या दांडियाबाजारातलं जुनं घर, पाच भावंडं, बिल्डरचा कागद. त्यात भावनेनं बोलायचा मला अधिकार नाही, ज्याचं त्यालाच माहीत. पण अशा वेळी काय काय वाटून घेतलं जातं ते मी माझ्या माहेरी पाहिलंय. सागवानी खांब, तांब्याचे हंडे, देव, झुंबर, अगदी दाराच्या कड्यासुद्धा मोजल्या. मागच्या अंगणातली जुई कुणीच मोजली नाही. आजीच्या सासूनं लावलेली, मनगटाएवढा बुंधा. मी जुलैत तिच्या दोन फांद्या जमिनीला दाबून माती घातली होती, दाब कलम. दिवाळीपर्यंत मुळं धरली, कापून आणली. त्यानंतर चार महिन्यांनी तिथे जेसीबी आला. त्या दोन फांद्यांपैकी एक माझ्याकडे आहे, एक भोपाळला बहिणीकडे. बहीण चौथ्या मजल्यावर राहते. तिनं बाल्कनीत मोठ्या ड्रममध्ये लावलीय, गजाला चढवलीय, फुलं येतात. थोडी येतात. फ्लॅटवाल्यांनी "आमच्याकडे जागा कुठे" म्हणण्याआधी हे वाचावं. मोगरा, जुई, गोकर्ण, अबोली, शेवंती ही मोठ्या कुंडीत वर्षानुवर्षं राहतात. दर दोन वर्षांनी काढून मुळं थोडी छाटायची, माती बदलायची, बस. पारिजातक मात्र कुंडीत कोंबू नका, तो दुःखी दिसतो.

घर विकायचं असेल तर विका. पण एक पावसाळा आधी सगळ्या भावंडांना सांगा की ज्याला जे हवं त्याची फांदी दाबून ठेवा. बी पेरून मिळालेलं झाड नवं असतं. फांदीवरून घेतलेलं झाड तेच जुनं झाड असतं, पत्ता फक्त बदलतो. तांब्याच्या हंड्यावरून भांडणं होतात. जुईवरून झालेली मी ऐकली नाहीत. ती जेवढी वाटाल तेवढी वाढते.

आमच्याकडे सध्या देण्याजोगं काय आहे ते लिहिते. सोनटक्क्याचे गड्डे भरपूर, लाल जास्वंदीच्या काड्या, धारचाच गुलबक्षीचा कंद (पिवळी आणि राणी रंग एकाच झाडावर), शेवंतीचे फुटवे आणि मोगऱ्याच्या आठ-दहा फांद्या मी यंदा दाबणार आहे. पारिजातकाच्या चपट्या बिया डब्यात आहेत, त्या उगवायला वेळ लावतात, चिडू नका. इंदूरवाल्यांनी पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी पाचनंतर यावं, येताना ओलं फडकं आणि पिशवी आणावी. बाहेरगावच्यांनी इंदूरला कुणी येणार असेल त्याच्या हाती निरोप पाठवावा. गड्डे चार दिवस सहज टिकतात, आमचे तर धारहून एस.टी.च्या टपावरून आले होते.